हा कोनाचा

सातवीच्या वर्गात निकितानं विचारलं,
सर, निःपक्षपाती म्हणजे?

मी फळ्यावर शब्द फोडून दाखवला.
पक्ष म्हणजे बाजू. पक्ष म्हणजे पंख.
पक्ष म्हणजे पंधरवडा, कावळ्याच्या घासाचा.
आणि पक्ष म्हणजे शाळेच्या भिंतीवरचं ते चिन्ह
जे निवडणूक होऊन गेली तरी कुणी पुसलं नाही.
पात म्हणजे पडणं.
खडू संपला,
शब्द राहिला फळ्यावर
तंगड्या वर करून.

निकिता म्हणाली, म्हणजे माझा आजा.

खैरटोल्याचा तलाव चैत्रात गुडघाभर होतो.
गेलो बघायला.
पाळीवर पळसाची पानं, पानांवर सतरा हिस्से:
सोळा जाळं ओढणाऱ्यांचे,
सतरावा झिबलच्या घरचा,
जो मागल्या भादव्यात पाण्यात उतरला
आणि तिसऱ्या दिवशी वर आला.

सुकरू मारबते पाठ फिरवून बसलेला,
तोंड धुऱ्याकडे, कानावर विडी.
मागे त्याचा लेक एकेका हिश्श्याजवळ थांबतो,
पालथ्या गंजावर काडी मारतो. टण्.
सुकरू म्हणतो, इसनचा.
टण्.
झिबलच्या घरचा.
टण्.
मरळ ज्याला गेली त्याला गेली,
ज्याला नुसते झिंगे आले
त्यानं ते मुकाट धोतराच्या सोग्यात बांधले.

मी म्हणालो, आमच्याकडे पाठ फिरवणं म्हणजे
अडल्याला सोडून जाणं.
तुम्ही तर पाठीचाच न्यायाधीश केला.

सुकरूनं विडी पेटवली.
"पाठ आंधळी रायते, मास्तर. कान नाई रायत.
पहिले हा पोरगा तोंडानं विचारे, हा कोनाचा?
मरळ मोठी असली का
त्याचा हाऽऽ लांबे.
मले समजे.
मले समजते हे गावाले समजलं.
कोनी काई बोललं नाई,
फक्त झिबल, जिता होता तवा,
हा गंज घेऊन आला घरून
आन् पालथा घातला इथं."

गंजाला एका बाजूनं पोचा आहे.
लेक काडी तिथे मारत नाही.

रात्री पेपर तपासायला घेतले.
नावाची पट्टी दुमडून, एकेक.
बाराव्या पेपरावर थांबलो.
शेपटी फुटलेला असा क्ष
वर्गात एकच पोरगी काढते.
प्रश्न पाचवा, वाक्यात उपयोग करा:
'माझा आजा निःपक्षपाती आहे
म्हणून आमच्या घरी मरळ क्वचित येते.'

दोनपैकी दोन दिले.
मग पंख्याखाली पानं फडफडत राहिली
आणि मी लाल पेन धरून ऐकत बसलो
केवढा लांबला होता
माझा हाऽऽ.