नंबर दिसला पाहिजे

पहाटे सव्वापाचला मी व्हॅनचं दार सरकवते
आणि सहाजण चढतात, झोपेसकट.
सान्तियागोचा दातांचा डॉक्टर,
कोरियातलं नवं जोडपं,
हानेलोरेबाई, वय एकोणऐंशी, ट्रायपॉड काठीसारखा टेकत.
उरलेल्या दोघांची नावं मी अजून एकमेकांना देते.
थर्मास फिरतो. मी तेच सांगते, नऊ वर्षं सांगत आलेय:
आज भरती सहा पन्नासला पुरी होईल.
त्यानंतर वीसेक मिनिटं पाणी हलायचं विसरतं.
काय घ्यायचं ते तेवढ्यात घ्या.

कास्त्रोची खांबांवरची घरं,
पिवळं, निळं, आणि एक, जे कधीकाळी हिरवं होतं,
पाण्यात डोकी खाली करून उभी.
क्षितिज सरळ धरा. बटण दाबायचं ते श्वास सोडताना.
धुकं आलं तर कॅमेऱ्याचं ऐकू नका,
पांढरं दिसलं की तो बिचकतो, सगळं राखाडी करून ठेवतो;
एक्स्पोजर एक घर वर ढकला.
आणि त्या तिसऱ्या खिडकीतल्या बाई पडदा ओढतील.
ओढू द्या. माझी मावशी आहे ती.

डॉक्टर विचारतो, दोरीवरची ती चादर काढता येईल का?
म्हटलं, वाळतेय.
आमच्या चिलोएत चादर वाळायला आठवडा लागतो.
डाव्या बाजूला घ्या तिला, घरांइतकीच जागा द्या.

मग उगवतीसमोर दोन एलेउतेरिओची होडी आली,
म्हणजे सूर्य आला तिच्या मागे,
आणि सहाही कॅमेरे एकदम खटखटले.
काळीभोर होडी, भोवती तांबडं पाणी.
म्हाताऱ्याला धक्क्यावरच दाखवलं.
बराच वेळ बघून तो म्हणाला,
झकास आहे. पण ही कुणाचीही होडी.

अकरा ते चार कॅमेरा पिशवीत, हा माझा नियम.
डोक्यावरच्या उन्हात माणसाच्या डोळ्यांचे खड्डे होतात.
आम्ही बटाट्याचे मिल्काओ खात बसलो होतो,
बोटं तुपकट,
तर तो गमबूट घालून हजर, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद.
बंदराच्या कचेरीला उद्यापर्यंत फोटो हवा.
परवान्याचा.
नंबर दिसला पाहिजे.

साडेबारा. पाणी पार आत गेलेलं.
होडी चिखलात एका कुशीवर पडलेली, म्हशीसारखी.
नंबराचा रंग पोपडे धरून उडालेला, वर शिंपले चिकटलेले.
त्याने चाकूने खरवडले, बाहीने पुसलं, थुंकी लावून पुन्हा पुसलं.
डॉक्टरने चंदेरी पडदा उघडून उजेड तिकडे वळवला,
दात बघताना वळवत असेल तसा.
कोरियन मुलीने भिंगावर टोपी धरली.
हानेलोरेबाई काठावरून ओरडत होत्या, छिद्र लहान करा, अकरा!
मी पोटावर झोपले, घोट्यापर्यंत नाही, कानापर्यंत चिखल.
फ्लॅशही मारला भर दुपारी.
नऊ वर्षांत मी इतका रूक्ष फोटो काढला नव्हता.

मी उभा राहू का बाजूला? त्याने विचारलं,
आणि केस चपटे केले.
कागदावर लिहिलं होतं, मालक नको.
तो सरकला, पण एक हात नाळेवरच राहिला.
हात काढा, म्हटलं.
काढला. मी बघितलं की पुन्हा ठेवायचा,
त्याचं त्याला कळतही नसावं.
शेवटी चौकटच आखूड केली.

मजुरी म्हणून बादलीभर तिसऱ्या मिळाल्या.
रात्री जेवणानंतर सगळे आपापला दिवसातला सर्वात चांगला फोटो दाखवतात.
डॉक्टरने होडीचा दाखवला, तांबड्या पाण्यातला नव्हे, दुसरा.
पडद्यावर सहा आकडे आले, भले मोठे.
शेवटचा तीन की आठ, यावर वाद झाला,
तो पोपड्यामुळे अजून मिटलेला नाही.
आखूड केलेल्या कडेला दोन बोटं राहून गेली होती,
कचेरीच्या लक्षात येतील का, माहीत नाही.

उद्या भरती सात चाळीसला.
पाऊण तास जास्त झोपा.