कलम चौदा, पोटकलम ग

मंगळवार. काउंटी इमारतीचा तिसरा मजला.
हीटरला सर्दी झालेली.
माझं काम एवढंच : बोललं जाईल ते शब्दन् शब्द टिपायचं.
बोललं जाणार नाही, त्यासाठी माझ्या यंत्रावर कळ नाही.

मालक म्हणजे आम्ही, चार लाख अकरा हजार माणसं.
भाडेकरू स्वतः आलेला नाही.
त्याचे पाच वकील आलेत,
आणि सहावा, नुसती बॅग धरायला.
भाडं वर्षाला एक डॉलर.
गेल्या वर्षी तोही थकला होता.
कारकुनाने रजिस्टर पत्र पाठवलं,
त्याला पाच डॉलर पडले.

कलम चौदा, पोटकलम ग :
देशातल्या कुठल्याही सात स्टेडियमांत जे असेल
ते इथेही हवं, मालकाच्या खर्चाने,
मागितल्यापासून नव्वद दिवसांत.
कमिशनर ऑर्विल टेट, ज्यांचा जन्म लोकांची छपरं शाकारण्यात गेला,
चष्मा कपाळावर सारून विचारतात,
"म्हणजे उद्या तिकडे छतातून गरम चॉकलेट गळायला लागलं तर?"
"तर इथेही गळेल," वकील म्हणतो.
मी कंसात लिहिते : (हशा)

भिंतीवरच्या नकाशात जुनं स्टेडियम अजून आहे.
ते पाडून अकरा वर्षं झाली.
तिथे आता पार्किंग, आणि डांबर फोडून आलेलं
कसलंसं पिवळं गवत.
रोखे फिटायचेत अजून.
मैदान पाडलं, कर्ज उभंच आहे,
आणि दर मार्चला आम्ही त्याची डागडुजी करतो.

या वेळी फक्त अर्धा टक्का विक्रीकर.
काल बहिणीच्या जुळ्यांसाठी डायपर घेतले,
बेचाळीस डॉलरांचे. हिशेब केला,
एकवीस सेंट होतील.
एकवीस सेंटांसाठी कोण भांडत बसणार?
अर्धा टक्का असतोच त्यासाठी.

मग लोकांची पाळी. माणशी तीन मिनिटं.
वांडा झिलिन्स्की, वय एकोणऐंशी, शाळेची बस चालवायच्या.
संघाची टोपी काढून टेबलावर ठेवतात,
देवळात शिरल्यासारखी. नाही, हे मी टिपलेलं नाही.
"संघ हरला की माझा नवरा रविवारी जेवायचा नाही," त्या म्हणतात,
"सोमवारी दुप्पट जेवायचा. असा संघ मला हवाय.
पण हेमलॉक रस्त्यावरचा पोहण्याचा तलाव
तुम्ही एका पंपापायी बंद केलात.
मी विचारलं पंपाची किंमत किती. कोणी सांगेना.
मीच दुकानात जाऊन विचारून आले.
आणि पुढच्या हिवाळ्यात —"
टायमर वाजतो.

वकील पाणी पितो. अगदी हळू, जवळजवळ मायेने म्हणतो,
"आणखी एका शहराने आम्हाला फोन केला होता."
शहराचं नाव नाही घेत.
हीटरसुद्धा तेवढ्यापुरता गप्प.

तीन विरुद्ध दोन. मंजूर.
तिसरा हात टेट यांचा,
खांद्याच्या वर न गेलेला.
अध्यक्षांनी दोनदा विचारलं : हा वर आहे का?

आज रविवार. स्वयंपाकघरात बसून मी पक्की प्रत काढतेय.
नियम असा, की तुटलेलं वाक्य तुटलेलंच ठेवायचं.
वांडाबाईंच्या हिवाळ्यापुढची आडवी रेघ
मी तीनदा तपासली.
पंपाची किंमत त्यांनी सांगितलीच नाही.
कोणी विचारलीही नाही. मी विचारू शकत नव्हते.

इतक्यात नदीपलीकडून आवाज येतो,
साठ हजार गळ्यांचा, एकदम,
खिडकीची काच थरथरते,
आणि माझी खुर्ची मागे पडलेली, हातात तशीच पेन्सिल,
मी शेजाऱ्याच्या कुंपणाशी ओरडतेय :
कोणी केला? कोणी केला?