मे महिन्यातली थंडी

लॅपटॉपमधलं गाव सातशे वर्षांपूर्वीचं.
आमचं घर नीलम नगरातलं, पत्र्याचं.
बाहेर त्रेचाळीस. आत, पंख्याखाली, चव्वेचाळीस.

टॉवेलचे गठ्ठे बांधायची पाळी संपवून येतो
आणि कुऱ्हाडवाला होतो.
झाडाजवळ गेलं की बुंध्याला पांढरी रेघ उमटते,
बटण दाबत राहायचं,
सातव्या घावाला झाड आडवं.
फांद्या छाटायच्या, ओंडका खांद्यावर.
दोन घेतले तर पळता येत नाही,
एवढा न्याय आहे तिथं.
मग घोडीवर ठेवून करवत.
एका ओंडक्याच्या चार फळ्या,
नाहीतर सहा मोळ्या सरपण.
भुसा उडत नाही. कूस शिरत नाही नखात.

नायना मागं येऊन बसले परवा.
वखारीत तेहतीस वर्षं आऱ्यावर.
राजय्या मिस्त्री म्हटलं की कन्ना चौकात अजून
एखादा म्हातारा मान वर करतो.
"कुणाचं झाड हे?"
कुणाचंच नाही. राजाचं असेल.
"मग पास काढलास का?"
हसलो. ते हसले नाहीत.
"आणि तो फाडतोय तिकडं, त्याला रोज किती?"
रोज नसतो, नायना. जेवण, आणि चुलीला लाकूड.
"बोनस?"

मी ओंडका घोडीवर टाकला तशी
खांद्यावर हात पडला:
"थांब की लगा. ओलं हाय ते."

गेममध्ये ओलं-वाळलं नसतं, म्हणालो.
लाकूड म्हणजे लाकूड. एक आकडा.
"दे इकडं."

उजव्या हाताची तर्जनी वखारीतच राहिली त्यांची,
त्यामुळं माऊस मधल्या बोटानं दाबतात.
झाड तोडलं नाही. त्याच्याभोवती फिरले.
एकदा, दोनदा, मान वाकडी करून
ते कुठल्या अंगाला पडणार ते बघत.
मग दुसऱ्याकडं. मग परत पहिल्याकडं.
मी जेवून उठलो तरी फिरतच होते.

तीन रात्रींत नऊ झाडं.
सत्तावीस ओंडके एकेक करून खाली ठेवले,
खाली दगड, वर आडवेतिडवे,
मधून वारा जाईल असे.
ज्या गेममध्ये वारा फक्त ऐकू येतो,
त्यात.
"सहा महिने हात लावायचा नाही कुणी."

तिथं ऋतू तीन दिवसांचा.
चौथ्या रात्री बर्फ पडायला लागला.
कोठारात सरपण शून्य.
घरांवर एकेक निळी खूण उगवली.
मी म्हटलं, नायना, जाळू या का त्यातलं?
ते घामानं भिजलेल्या बनियनमध्ये,
गुडघ्यावर हात ठेवून, ताठ बसलेले.
"ओलं लाकूड जाळल्यावर काय होतं?
धूर. लेकरं खोकून मरतील."

सोलापुरात, मे महिन्यात,
आमची तीन माणसं थंडीनं गाव सोडून गेली.
एक लोहार, एक बाई,
आणि तो बिनरोजाचा लाकूडफाड्या.
"जाऊ दे," नायना म्हणाले, "घाईची माणसं."
पण पडद्यावर ती लहान होत होत
झाडांमागं जाईपर्यंत
त्यांनी माऊस सोडला नाही.

मग लाईट गेली.
बॅटरी नऊ टक्के, जुनी, तीही गेली.
अंधारात पत्रा कडकडला, थंड होताना वाजतो तसा.
कुणीच काही बोललं नाही.
मी गच्चीवर गेलो झोपायला. शेजारच्यांच्या.

आज दुपारी, गठ्ठ्यावर गठ्ठा चढवताना,
फोन आला. शेजारच्या अंकमकाकूंच्या नंबरवरून.
पोटात धस्स झालं.
नायनाच होते.
आजूबाजूला कुणी ऐकू नये अशा आवाजात:
"वाळलं असंल का रे आता?"

गेम बंद असला की
तिथं दिवस जात नाहीत.
सांगणार होतो.
यंत्रांचा आवाज होता, एका कानावर हात धरला होता.

"अजून थोडं," म्हणालो. "अजून थोडं राहू दे."