आठवं रीळ

त्या पिक्चरचं आठवं रीळ
तासगावात मी एकतीस वेळा जोडलं.
मामलेदार घोड्यावरून उतरतो,
दवंडीवाला डफ बडवतो,
कुंभारणीच्या दारावर लाख वितळते,
आणि नेमकी तिथंच फीत तुटायची.
अंधार. शिट्ट्या. "ए दस्तगीर, झोपला का रं!"
मी ब्लेडनं दोन चौकटी कापायचो,
सिमेंट लावायचो, फुंकर घालायचो.
पुन्हा चालू.

दोन चौकटी म्हणजे किती?
पापणीसुद्धा पुरती मिटत नाही.
पण बेदाण्याचे पैसे हातात आले
की लोकांना रडायला आवडायचं,
दर साली तीच पेटी परत यायची,
आणि दर खेपेला जप्ती थोडी आखूड व्हायची.
आधी लाखेचा थेंब गेला.
मग मामलेदाराचा अंगठा.
मग "सरकार, चाक तरी राहू द्या" मधलं
"चाक तरी".
शेवटी शेवटी तर
घोडा थांबतो न थांबतो तोच
बाई बोचक्यासकट पिंपळाखाली.
कुणी काढलं, कसं काढलं,
पडद्यावर काही उरलंच नाही.
गाव तरीही रडायचं.

रडायची नाही ती एक ठकूबाई.
वारणेच्या धरणातून उठवलेल्या वसाहतीतली,
पुढच्या बाकावर, खांबाला टेकून बसणारी.
एकदा खेळ सुटल्यावर जिना चढून वर आली,
कार्बनच्या धुरात खोकत म्हणाली,
"खोटं हाय तुझं चित्र.
दिवा उचलून कोण निघतंय?
आधी जातं काढायचं असतं.
जड असतंय, दोघी लागत्यात,
आन् त्या दिवशी शेजारीण
तिच्या जात्यापाशी असती.
घोडा-बिडा काय न्हाय.
ट्रक आल्ता. डायव्हर बरा होता.
पोरांस्नी गोळ्या दिल्या त्यानं."

परवा थिएटरला नोटीस आली.
रस्ता रुंद होणार.
पडदा, स्टेज आणि पहिल्या सात रांगा जाणार.
पारिसअण्णा आता नाहीत,
मुलगा पुण्यात, त्याला रक्कम मान्य.
माझं नाव कागदात नाही.
असायचं कारणही नाही. मालक नाही, कूळ नाही,
छत्तीस वर्षं एका भोकातून उजेड सोडला, एवढंच,
आणि प्रॉपर्टी कार्डावर उजेडाला रकाना नसतो.

मोजणीला हुक्केरी मॅडम आल्या,
माझ्या धाकटीएवढ्या.
मी मनातल्या मनात डफ तापवून ठेवलेला.
त्यांनी आधी पाणी मागितलं.
ऊन होतं. माठातलं दिलं.
शिपाई आलेला नव्हता. म्हणाल्या,
"चाचा, एवढं टोक धरता का?"

धरलं.

पडद्याच्या भिंतीला पाठ लावून मी उभा,
टेप सोडत त्या मागं मागं गेल्या,
एक रांग, दुसरी रांग, ठकूबाईचा खांब,
सातव्या रांगेशी थांबून
लाल रंगाचा ब्रश टेकवला.
"हलू देऊ नका हं."
नाही हलू दिलं.
पिक्चरमध्ये या जागी आभाळ गडगडतं.
इथं स्टँडवर जतची गाडी लागली होती,
कंडक्टर ओरडत होता,
कवठेमहांकाळ, कवठेमहांकाळ.

संध्याकाळी वर गेलो.
बिस्किटाच्या डब्यात त्या चौकटी अजून आहेत,
टाकवल्या नव्हत्या.
एकेक बल्बसमोर धरली.
लाख.
अंगठा.
बाईचं तोंड, "चा" वर उघडं.
सगळी जप्ती माझ्यापाशीच होती की,
एक थेंब वाया गेला नव्हता.

एका चौकटीत, अगदी कडेला,
घोड्याचा लगाम धरून एक माणूस उभा.
मुंडासं साधं, पायात काही नाही,
त्याच गावातला दिसतो.
कुणीतरी सांगितलं असेल, जरा धर रे.
एवढ्या वर्षांत
त्याच्याकडं माझं लक्ष कधी गेलं नव्हतं.
बल्ब तापून बोटाला चटका बसेपर्यंत बघत राहिलो.
दोन्ही हातांनी धरलाय.
हलू देत नाही.