शेजारचं बुजगावणं

बोझेनाच्या वाफ्यात मी पहिल्यांदा वाकले
तेव्हा वाटलं, कुणीतरी आपलंच इथे राहून गेलंय.
शेपू. गुडघ्याएवढा, फुलावर आलेला.
ती म्हणाली, कोपर. उकडलेल्या बटाट्यावर, लोण्यात.
मी म्हणाले, मुगाच्या डाळीत, लसणाच्या फोडणीवर.
दोघी थोडा वेळ एकमेकींच्या अडाणीपणाकडे पाहत राहिलो.
मग तिने विचारलं, तुझी मुलं खातात?
नाही.
माझीही नाही, म्हणाली,
आणि तिथून आमची मैत्री.

हडर्सफील्डच्या उतारावर, रेल्वेच्या भिंतीमागे
कौन्सिलने भाड्याने दिलेले हे जमिनीचे तुकडे.
माझा सतरा. अठरा आर्नल्डचा.
आर्नल्ड 'काहीच नाही'ला 'नाउट' म्हणतो.
लंडनहून त्याची मुलगी येते,
नातवंडांसमोर त्याला दुरुस्त करते.
तो कुदळीकडे बघतो.
ते बघणं माझ्या ओळखीचं आहे.
पुण्यात, होस्टेलच्या मेसमध्ये, पहिल्याच आठवड्यात
मी 'मना भाऊ' म्हणाले होते
आणि आमटीच्या वाट्या हातात धरून सगळं टेबल हसलं होतं.
दोन वर्षं लागली 'माझा' नीट म्हणायला.
मग अमळनेरला गेले की आई म्हणायची,
पुस्तकनागत नको बोलू, माय. घरमा शे तू.

एवढं सारखं असून
आर्नल्डने चार वर्षांत मला घरी बोलावलेलं नाही.
मी तिसऱ्याच दिवशी म्हणाले होते, या ना चहाला.
तो इतका घाबरला
की पुढच्या रविवारी दुधीएवढं एक कोर्जेट
पिशवीत घालून माझ्या फाटकाला टांगून गेला.
चिठ्ठी नाही.
ते उत्तर होतं, हे कळायला अख्खा हिवाळा गेला.

जूनमध्ये बाबा गेले.
माझा पासपोर्ट होम ऑफिसच्या कुठल्यातरी ट्रेमध्ये.
विन्सम भलंमोठं पातेलं घेऊन आली, बोकडाचं.
सुतकात!
आमच्या जमैकात नऊ रात्री जागवतात, म्हणाली,
डॉमिनो खेळत. तुमच्यात?
दहा दिवस, म्हणाले. डॉमिनो नाही. मटण तर नाहीच.
मग हसता कधी?
मी आठवून पाहिलं.
तेराव्याच्या पंगतीत, थोडं. चोरून.

दहाव्याला भावाचा फोन, बोरीच्या काठावरून:
तास झाला, कावळा शिवत नाही.
आईला सांभाळू म्हटलं, घर विकणार नाही म्हटलं,
सगळं म्हणून झालं.
पुढचं तो बोलला नाही.
इथे सकाळचे सहा.
रात्रीचा भात घेतला,
वर बोझेनाच्या वाफ्यातला शेपू, न विचारता, कच्चाच.
आमच्या घरात तो एकटे बाबाच खायचे.
कोबीच्या पानावर घास ठेवला, सतराच्या कुंपणावर.

कावळा आला.
आणि अठरातून आर्नल्ड कुदळ उगारून धावला,
वाटाण्यावर आलाय समजून.
कावळा उडाला.
मी काही बोलले नाही. बोलता आलंच नाही.
त्याने भात पाहिला. मग मला.
काय समजलं, कुणास ठाऊक.
त्याचं बुजगावणं त्याच्या गेलेल्या बायकोच्या निळ्या रेनकोटातलं.
कुणी त्याला हात लावलेला त्याला खपत नाही.
ते त्याने दोन्ही हातांनी उपटलं,
झोपलेल्या माणसाला ठेवतात तसं शेडमागे आडवं केलं
आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला,
टोपी काढून.

बराच वेळ.
एक मालगाडी गेली.
मग पंखांचा आवाज.

आला का, त्याने न वळता विचारलं.

उना, मी म्हणाले.
एवढ्या वर्षांनी तोंडात आलेला तो शब्द
मी दुरुस्त केला नाही.
त्याने मान हलवली, टोपी घातली.

त्या वर्षी त्याचे निम्मे वाटाणे कावळ्यांनी नेले.
किती गेले, विचारलं
तर म्हणतो, नाउट.