डाग

इलाही नदाफांच्या सुनेनं ते तराजूत घालू दिलं नाही.
"भंगारात द्यायचं नाही. दीड हजार द्या आणि न्या."
हरभट रोडवरून कुपवाडपर्यंत
रिक्षात मांडीवर घेऊन आलो
लग्नांतलं ते एस्प्रेसोचं मशीन.
दोन कॉक, वाफेची एक नळी,
वर पंख पसरलेला पितळी गरुड,
त्याला चोच नाही.

मी कारखान्यावर बॉयलर अटेंडंट. होतो.
बगॅसवर चालणारा, दुमजली घराएवढा.
गळीत सुरू झालं की पाच महिने
माझ्या कानात दुसरं काही शिरत नसे.
आणि हा आठ लिटरचा, कळशीएवढा.
शालन म्हणाली, "नातवंड आणलंत वाटतं."

सहा बोल्ट. चार सुटले,
पाचव्याला रात्रभर रॉकेल पाजलं,
सहावा ड्रिलनं.
झाकण निघालं तसा वास आला
ओल्या चुन्याचा, आणि त्याखाली कुठंतरी
वेलचीचा. शप्पथ.

आत क्षार, बोटभर.
छिन्नीनं एक कपची काढून उन्हात धरली.
पाणी ओळखण्यावरच तर जेवलो आयुष्यभर:
हा पांढराफेक, ठिसूळ, जतकडची बोअर.
हा पिवळट म्हणजे टँकर, कवठेमहांकाळ,
मे महिन्यातली दाट तारीख.
मध्येच पापुद्र्याएवढं काही, ते कृष्णेचं पाणी;
सांगलीतलं कार्यालय, बहुधा मोठ्या घरचं कार्य.
तळाच्या नळीत मात्र काळा गाळ.
तो कुठल्याच लग्नाचा नाही.
एकोणीसच्या ऑगस्टात दुकानात छातीएवढं पाणी होतं,
सून म्हणाली होती.
पुढं काही म्हणाली नाही.

अर्धा किलो लिंबूसत्व, कोमट पाणी.
मी कान लावून बसलो, डावा,
जो अजून थोडा चालतो.
तीनदा पाणी बदललं. तिसऱ्यांदा
तांबं दिसलं, गुलाबी, ओशाळलेलं,
बाळंतीण पहिल्यांदा उन्हात यावी तसं.

मग गार पाण्यानं भरलं, हातपंपानं दाब दिला.
काटा एक किलोवर. दीडवर.
आणि बुडाशी एक थेंब.
पुसला.
परत तिथंच.

म्हणजे इतकी वर्षं
ते भोक क्षारानंच धरून ठेवलेलं.
घाण म्हणून मी जे खरवडलं
त्यातलं थोडं
भांडंच झालं होतं.

मिरजेचा विरूपाक्ष, फ्रीज दुरुस्त करतो,
चांदीची काडी घेऊन आला.
"काका, डाग द्यावा लागतोय."
दे बाबा. महिनाभर डागच तर काढत होतो.
"कशाचा डाग? चांदीचा?" शालन उंबऱ्यातून.
"मला चाळीस वर्षांत एक केला नाहीत."
विरूपाक्षनं गॅस बारीक केला, हसू मोठं.

काल वाफ धरली.
काटा दीडवर थांबला. बूड कोरडं.
दुधाची पिशवी बघतो तर सकाळीच संपलेली.
मग नुसतीच सोडली, अंगणात,
गरुडाच्या पोटाखालून, लांब, कर्कश्श.
शेजारचं कुत्रं भिंतीवरून पळालं.
शालननं दोन्ही कानांवर हात ठेवले.
मी नाही.