आठ फूट

क्लोविसच्या बाहेर, मेंढवाड्यामागे
जमीन चार फुटांवर नकार देते.
खाली कॅलिची: चुन्याचा पांढरा हट्ट.

युसेबिओ घण टेकवतो.
"अर्थिंगची सळई आठ फूट आत. नियम आहे."
मी म्हणते, वरची कापून टाकू ना,
मातीच्या पोटात कोण बघायला जातंय?

तो बोलत नाही.
जुन्या मीटरखाली उकरत राहतो.
हिरवा पडलेला क्लॅम्प, सैल.
तार मध्येच पिळून जोडलेली.
आणि सळई हातात येते अलगद, गाजरासारखी.
साडेतीन फूट.
डोक्यावर करवतीचे ओरखडे अजून शाबूत.

"सत्त्याऐंशीचा उन्हाळा," तो म्हणतो. "मीच.
आर्चुलेटाबाईंनी वर लिंबूपाणी दिलं होतं."

मग आम्ही तिरपी ठोकतो,
पंचेचाळीस अंशांत, कणाकणाने;
सहा फूट सोडून दुसरी.
तांब्याची तार अखंड, कुठेही सांधा नाही.
मी नट आवळून पाना खाली ठेवते.
"अजून अर्धा फेरा," तो म्हणतो.

पश्चिमेला वीज चमकते. आवाज पोचत नाही इतकी लांब.

तो कापलेला तुकडा
आता त्याच्या ट्रकमध्ये असतो, काचेपाशी,
जिथे बाकीचे लोक
संतांची मूर्ती ठेवतात.